चौथ्या वर्गाला सतरंजी रिकामी का दिसते? शिकवणीची आखणी आणि शिकणाऱ्याची ओढ

खडूफळा | सोमवार, रात्री ९:१०

मंडळाच्या फळ्यावर नोटीस लागते, 'घरगुती व्यवसायासाठी मोफत प्रशिक्षण'. तीस नावं येतात, पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर मावत नाहीत. चौथ्या वर्गाला सतरंजीवर बारा डोकी. लालबाग असो, चेंबूर असो की मालवणी, आयोजकांची तक्रार एकच: 'लोकांना शिकायचंच नसतं हो.' मग पाचव्या वर्गाला जोशात बोलणारा पाहुणा बोलावतात आणि त्यात शिकवण्याचा आणखी एक तास जातो.

('प्रेरणा' हा शब्द मुद्दाम टाळतोय. तो आला की मागोमाग हार, नारळ आणि माइक येतो. 'ओढ' म्हणू.)

ओढ टिकणार की नाही हे वर्ग भरण्याआधी, कागदावरच बरंचसं ठरलेलं असतं. कोणतं उदाहरण आधी घ्यायचं, शिकणाऱ्याला पहिलं बरोबर उत्तर कितव्या मिनिटाला मिळतं, घरी जाताना हातात काय असतं, यावर ते ठरतं. जॉन केलर या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ पासून हा विषय लावून धरला आणि १९८७ च्या लेखात चार कप्प्यांची चौकट नीट मांडली: लक्ष, संबंध, आत्मविश्वास, समाधान. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'आर्क्स' म्हणतात. तिचं मूळ व्हिक्टर व्रूम (१९६४) वगैरेंच्या अपेक्षा-मूल्य विचारात आहे. कष्ट घेण्याआधी माणूस मनात दोन हिशेब करतो: मला हे जमेल का, आणि जमलं तर मला त्याचं काय? या दोन्हींचा गुणाकार होतो. एक शून्य, तर सगळं शून्य.

चौकट पाठ करून काही होत नाही. आधी कुठला कप्पा गळतोय ते बघावं लागतं, आणि ते वर्गात बसल्या बसल्या दिसतं. लक्ष गेलेला माणूस फोन काढतो किंवा नुकतंच सांगितलेलं पुन्हा विचारतो. संबंध न लागलेला माणूस वही नेटकी ठेवतो, पण घरी काहीच करून बघत नाही. आत्मविश्वास गेलेली बाई शेजारणीच्या वहीतून उतरवते, फळ्यापासून लांब बसते, 'तुम्हीच करून द्या ना' म्हणते आणि नेमकी सरावाच्या दिवशी गैरहजर राहते. समाधान नसलेला शेवटपर्यंत येतो, प्रमाणपत्र घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्याच पद्धतीने काम करतो.

माझं मत: मोफत वर्गांची गळती बहुतेक तिसऱ्या कप्प्यात असते, आणि आयोजक डागडुजी पहिल्या कप्प्याची करतात. बाई घाबरलेली असते आणि तिला खेळ खेळायला लावतात.

चर्चा हवेत राहू नये म्हणून नमुना घेऊ. विषय: फराळ करून विकणाऱ्यांसाठी 'भाव कसा काढायचा'. आठ वर्ग, प्रत्येकी ९० मिनिटं, २४ जणी, चौघींचे सहा गट. कॅल्क्युलेटर फोनमधलाच.

---

तिरफळ | सोमवार, रात्री ९:४८

चार कप्पे समजले. आता पहिल्या वर्गाची मिनिटवार आखणी द्या. 'संबंध जोडा' म्हणणं सोपं आहे, पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०:३५

देतो.

० ते ७ मिनिटं: ओळखपरेड नाही, संस्थेची माहिती नाही. टेबलावर चकलीची दोन पाकिटं. दोन्ही २५० ग्रॅमची, दोन्हींवर किंमत ११० रुपये. प्रश्न: 'दोघींनी सामान एकाच दुकानातून आणलं. एकीच्या हाती पाकिटामागे साडेचार रुपयेसुद्धा उरत नाहीत, दुसरीच्या हाती अठरा उरतात. कशामुळे?' प्रत्येकीने अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. मोठ्याने सांगायला लावायचं नाही, कारण पहिली मोठ्याने बोलली की बाकीच्या तिच्याच मागे जातात. अंदाज लिहिला की माणूस उत्तरासाठी थांबतो. कुतूहल म्हणजे 'मला माहीत आहे' आणि 'मला माहीत हवं' यांच्यातली फट, असं जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं. चिठ्ठी ती फट उघडते.

७ ते २५: पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण, छापील कागदावर. भाव समजा असे धरू (वर्गाच्या आदल्या दिवशी वाण्याकडून ताजे आणायचे, नाहीतर पहिली दहा मिनिटं 'तेल एवढं स्वस्त कुठे मिळतं' यातच जातात):

भाजणी १ किलो: १६० रुपये
तेल, मोहन धरून ४०० मिली: ६०
तीळ, ओवा, तिखट, मीठ: ३०
गॅस ६०० ग्रॅम (१४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरून): ३८
पाऊच आणि लेबल, ५ नग: ३०
एकूण: ३१८
पाकिटं पाच, म्हणजे एका पाकिटाला ६३.६०

इथे थांबायचं. बहुतेक जणी म्हणतील, '११० ला विकलं तर ४६ रुपये सुटले की.' मग एकच ओळ वाढवायची: मेहनत ३ तास, तासाला ७० रुपये, २१०. एकूण ५२८, पाकिटाला १०५.६०. उरले ४ रुपये ४० पैसे. दुसरी बाई एका बैठकीत ३ किलो भाजणीच्या चकल्या पाडते. सोऱ्या, कढई, आवराआवर यांचा वेळ तिप्पट होत नाही, तिला सहा तास लागतात. मेहनत ४२० भागिले १५ पाकिटं, म्हणजे ४२ ऐवजी २८. उरले १८.४०. चिठ्ठ्या उघडायच्या.

२५ ते ४५: दुसरं उदाहरण, शंकरपाळ्यांचं. तोच कागद, पण शेवटच्या दोन ओळी कोऱ्या. जोडीने भरायच्या.

४५ ते ७०: तिसरा कागद. पदार्थ त्यांचा स्वतःचा, फक्त ओळींची नावं छापलेली. ज्यांना आकडे माहीत नसतील त्यांनी तिथे प्रश्नचिन्ह काढायचं. प्रश्नचिन्ह म्हणजे चूक नाही, हे कागदावरच छापायचं.

७० ते ९०: कागद शेजारच्या गटाशी बदलायचे. त्यांनी फक्त बेरीज तपासायची, भावावर मतं द्यायची नाहीत. निघताना चिठ्ठी: 'आज घरी जाऊन कोणता एक आकडा मोजाल?' बहुतेक चिठ्ठ्यांवर तेल किंवा वेळ येतो. तोच गृहपाठ.

पूर्ण, अर्धं, कोरं हा क्रम बदलायचा नाही. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की नवख्यांना नुसते प्रश्न देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं आणि प्रश्न आलटून पालटून दिले तर कमी वेळात जास्त जमतं आणि चुका कमी होतात. पण सहाव्या वर्गालाही पूर्ण सोडवलेले कागद दिलेत तर ज्यांना येतं त्या जांभया देतील. नवख्याला लागणारा आधार जाणत्याला अडथळा होतो.

---

गॅसवाला_नव्हे | मंगळवार, सकाळी ७:५५

एक चूक. व्यवसायासाठी घरगुती लाल सिलिंडर वापरता येत नाही, व्यावसायिक १९ किलोचा निळा लागतो. प्रशिक्षणाच्या छापील कागदावर १४.२ किलोचा हिशेब शिकवू नका. उद्या कोणी तो कागद घेऊन कर्ज मागायला गेलं तर तिथेच अडकेल.

निळा १९०० रुपयांना धरा. ६०० ग्रॅमचे ६० रुपये. सामान ३१०, पाऊचसह ३४०, मेहनतीसह ५५०, भागिले ५. बरोबर ११०. पहिल्या बाईच्या हाती शून्य उरतं.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ८:२०

मान्य, कागद दुरुस्त करतो. आणि शून्य हा साडेचारपेक्षा जास्त चांगला धक्का आहे. दुसरीचं आता ६८ अधिक २८, म्हणजे ९६, उरले १४. पाकिटांवरचा प्रश्न 'एकीला काहीच उरत नाही, दुसरीला चौदा उरतात' असा करा. पाइप गॅस असेल तर तळणाच्या आधीचा आणि नंतरचा मीटरचा आकडा वहीत.

---

दुपारची_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:१५

धागा छान आहे, पण हे पुस्तकी वाटतंय. बक्षीस ठेवलं की लोक येतात. आठही वर्गांना हजर राहणाऱ्याला स्टीलचा डबा जाहीर केला की सतरंजी भरते, हे कुठल्याही संस्थेला विचारा. प्रयोगबियोग नंतर.

---

गणिती_गोंधळ | मंगळवार, दुपारी २:०२

सतरंजी भरते, पण आठव्या वर्गानंतर कागद कोण वापरतं ते मोजलं का? हजेरीला डबा ठेवला की हजेरीच विकत मिळते.

यावर प्रसिद्ध प्रयोग लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, १९७३ चा. बालवाडीतली, चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पेन तसेच ठेवले, तेव्हा 'मिळेल' म्हणून काढणारी मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी राहिली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे बिघाड वस्तूत नसून आधी केलेल्या सौद्यात आहे.

दोन पथ्यं सांगायला हवीत. पहिलं, हा परिणाम मुळात आवड होती तिथला. ज्या कामात कोणालाच रस नाही, तिथे छोट्या बक्षिसाने आवड मरत नाही, कारण मारायला काही नसतंच. दुसरं, बक्षिसांच्या परिणामावर अभ्यासकांत जुना वाद आहे. कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी १९९४ मध्ये नुकसान फारसं नाही म्हटलं. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास एकत्र करून उलट निष्कर्ष काढला. तेव्हा 'बक्षीस वाईटच' असं फळ्यावर लिहू नका.

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी ३:४०

डब्याच्याच पैशांत करता येईल असं: दुसऱ्या वर्गाला प्रत्येक गटाला एक डिजिटल वजनकाटा द्या, आठवडाभर आलटून पालटून घरी न्यायला. सहा काटे पुरतात. तो हजेरीचं बक्षीस म्हणून येत नाही, गृहपाठाचं हत्यार म्हणून येतो. परत आणून द्यायचा असल्यामुळे पुढच्या वर्गाला यावंही लागतं. दुपारची_शिफ्ट, तुमचा हेतू साधतो, सौदा टळतो.

आणि जमलेल्या कामाला फळ मिळू द्या. चौथ्या वर्गाला जिचा भावाचा कागद पुरा झाला, तिचं छापील दरपत्रक त्याच दिवशी काढून द्या. दहा-वीस रुपयांत झेरॉक्स. केलरच्या चौथ्या कप्प्यात हेच येतं: शिकलेलं खऱ्या कामात लगेच वापरायला मिळणं.

---

दुपारची_शिफ्ट | मंगळवार, दुपारी ४:०५

काट्याची कल्पना घेतली. डब्याचा आग्रह अजून सोडलेला नाही.

---

मी_परळकर | मंगळवार, रात्री ९:३०

मानसशास्त्राआधी वेळापत्रक बघा, मंडळी. बरीचशी 'ओढ नाही' म्हणजे घड्याळ चुकलेलं असतं.

दुपारच्या सत्राची शाळा सुटायला पाच-साडेपाच होतात, सकाळच्या सत्राची बारा-साडेबाराला. त्यामुळे बायकांसाठी २ ते ३:३० ही फट बरी. पण चाळीत किंवा वस्तीत पाणी कधी येतं ते आधी विचारा. पाण्याच्या वेळेशी कुठलाच अभ्यासक्रम भांडू शकत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी ७ ची वेळ छापू नका. लोकल वेळेवर आली तरी स्टेशनपासून घर, चहा आणि मग वर्ग असतो. ८ ते ९ ठेवा आणि पहिली दहा मिनिटं सरावाची ठेवा, म्हणजे उशिरा आलेल्याचं नवीन काही बुडत नाही. रविवारी दुपारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, तेव्हा दुसऱ्या उपनगरातून माणसं बोलावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग असेल तर मोठ्या भरतीच्या तारखा पंचांगासारख्या बघून ठेवा. जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आली की सखल भागातला वर्ग गेलाच समजा.

आणि फराळाचा वर्ग दिवाळीच्या तोंडावर घेणं म्हणजे लग्नाच्या दिवशी शिलाईमशीन शिकवणं. ऑर्डरी सुरू व्हायच्या किमान तीन आठवडे आधी संपवा.

---

तिरफळ | मंगळवार, रात्री १०:१०

आत्मविश्वासाच्या कप्प्यावर अजून हवं. 'तुम्हाला जमेल, ताई' असं म्हणून होतं का?

---

गणिती_गोंधळ | बुधवार, सकाळी १०:२५

फार कमी. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला जमेल' या भावनेचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, कोणीतरी तसं सांगणं, आणि छातीची धडधड वगैरे शरीराची खूण. पहिला सगळ्यांत जोरकस. 'जमेल ताई' हा तिसरा, आणि पहिल्याने खोटा पाडला की तोही आटतो. तासाभरात तीनदा चुकलेल्या बाईला 'जमेल' म्हटलं की तिला एवढंच कळतं की सरांना आपली दया येतेय.

म्हणून आखणीत बघायचं ते हे.

पहिलं स्वतःचं बरोबर उत्तर कितव्या मिनिटाला? खडूफळा यांच्या आखणीत ते ३५ व्या मिनिटाच्या आसपास येतं. मी ते पंधराव्याच्या आत आणीन: सोडवलेल्या उदाहरणात 'गॅस ६०' ही ओळ रिकामी ठेवून तेवढीच विचारायची. १९०० भागिले १९०००, गुणिले ६००. फोनवर ते १० सेकंदांचं काम आहे. अट एक, आधी ग्रॅम-किलोचं रूपांतर फळ्यावर दाखवलेलं हवं. तिथेच बहुतेक जणी अडतात, आणि अडल्या तर '६० हजार' असलं उत्तर येऊन हसं होतं.

सरावात कितीजणींना बरोबर यायला हवं? बराक रोझेनशाइन यांनी चांगल्या शिक्षकांच्या अभ्यासातून ८० टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिला आहे. म्हणजे २४ पैकी १९-२० कागद बरोबर. २४ पैकी २४ आले तर सराव फार सोपा; मोठ्या माणसांना तो अपमानासारखा लागतो, मग त्या येणं सोडतात आणि कारण सांगत नाहीत. १२ आले तर पुढचा मुद्दा शिकवायचा नाही, कितीही मागे पडलेले असा.

'आपल्यासारखी दुसरी' हा झराही बहुतेक जण वाया घालवतात. लाखोंची उलाढाल करणारी उद्योजिका पाहुणी म्हणून आणली की बायका टाळ्या वाजवतात आणि मनात म्हणतात, तिचं वेगळं. त्याऐवजी मागच्या तुकडीतली, अजून दोनच पदार्थ विकणारी बाई आणा. तिचा पहिला चुकलेला कागद आणि दुरुस्त केलेला कागद शेजारी शेजारी लावा. दहा मिनिटं पुरे.

---

शीवकर | बुधवार, दुपारी १२:५०

बायकांचे वर्ग बाजूला ठेवून ऑफिसकडे या. ऑनलाइन सक्तीचे कोर्स: ४० स्लाइड, 'पुढे' बटण आवाज संपेपर्यंत बंद, शेवटी दहा प्रश्न. लोक आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत काम करतात. इथे ओढ कुठून आणायची?

---

खडूफळा | बुधवार, दुपारी २:३०

तिथे ओढ आणण्याआधी तुडवणं थांबवा. डेसी आणि रायन यांच्या मांडणीत माणसाला तीन गोष्टी लागतात: आपल्या हातात काहीतरी असणं, जमत असल्याची जाणीव, आणि आपलेपणा. कुलूप लावलेलं 'पुढे' बटण पहिलीचा गळा घोटतं. जाणत्याला तीच माहिती पुन्हा ऐकवणं दुसरीचा.

दहा प्रश्न शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा. नऊ बरोबर आले तर कोर्स झाला. जे चुकले तेवढेच भाग उघडा. प्रश्न व्याख्यांचे नकोत, प्रसंगांचे हवेत: 'विक्रेत्याने दिवाळीला घरी सुकामेव्याचा डबा पाठवला. आता काय कराल?' प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे त्या निवडीचा परिणाम दोन ओळींत. आणि प्रशिक्षण विभागाने 'किती जणांनी पूर्ण केलं' हा एकच आकडा वर पाठवणं बंद करावं. तो आकडा आवाज बंद करणाऱ्यांनाही मोजतो.

---

शीवकर | बुधवार, दुपारी २:४१

हे वर मंजूर करून घेणं हा वेगळा धागा.

---

मोगरा७ | बुधवार, संध्याकाळी ६:१५

शिकणाऱ्यांची डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, हातांनी शिकणारे अशी विभागणी करून गट पाडले तर ओढ वाढेल ना? आणि सुरुवातीला दिवाळी बाजाराचा छान व्हिडिओ दाखवावा का?

---

गणिती_गोंधळ | बुधवार, संध्याकाळी ७:००

विभागणीला आधार नाही. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचे अभ्यास तपासले. शैलीनुसार शिकवल्याने जास्त शिकलं जातं असा पुरेसा पुरावा मिळाला नाही. कशाने दाखवायचं हे विषय ठरवतो: चकलीचं वजन काट्यावर बघायचं, बेरीज कागदावर करायची.

व्हिडिओ दाखवलात तर त्यात हिशेबाचा प्रश्न असू दे. हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी पडते हे शिकवणाऱ्या मजकुरात रंजक पण गैरलागू तपशील घालून पाहिले. वाचणाऱ्यांना मुख्य कारणमीमांसा कमी आठवली. कंदील आठवतात, भागाकार विसरला जातो.

---

तिरफळ | बुधवार, रात्री ९:२०

कागद तपासण्याचं काय? २४ कागद, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी ४८ मिनिटं. अर्धा वर्ग तपासण्यातच जाईल. घरी नेऊन तपासले तर आठवड्याने परत मिळतात, तोवर कोणाला काय आठवतंय.

---

खडूफळा | बुधवार, रात्री १०:१५

सगळा कागद तपासायचा नाही. उत्तरं कागदाच्या मागे छापा आणि प्रत्येकीला स्वतः ताडू द्या. शिक्षकाने फिरत फिरत फक्त मेहनतीची ओळ बघायची, कारण चूक बहुतेक तिथेच असते: एकतर ती कोरी असते, नाहीतर तिथे '० (घरचंच काम)' असतं. एका ओळीला दहा सेकंद, २४ जणींना चार मिनिटं.

शेरा लिहायचा तर तीन तुकडे: काय बरोबर, कुठे सुटलं, आता काय करायचं. 'सामान बरोबर. पाच पाकिटांऐवजी सहाने भागलंय. पाचने भागून खालच्या ओळीत लिहा.' 'छान', 'हुशार आहात' नको. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हुशारीची वाहवा झालेली मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर माघार घेतात. मेहनतीची दाद मिळालेली टिकतात.

गुण देऊ नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि आवड सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा जवळपास पुसला गेला. माणूस आधी आकडा बघतो, मग शेजारच्याचा आकडा, आणि शेरा राहून जातो. आणि अभिप्राय म्हणजे नेहमी भलंच असंही समजू नका: क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो निष्कर्ष एकत्र केले, त्यांत एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. अभिप्राय कामावरून सरकून माणसावर गेला की असं होण्याचा धोका वाढतो.

---

मी_परळकर | गुरुवार, सकाळी ८:०५

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुणवंतांचे फोटो टाकणाऱ्यांना हा परिच्छेद पाठवावा म्हणतो.

---

मोगरा७ | गुरुवार, दुपारी १:३०

नोटिशीत उद्दिष्ट कसं लिहायचं? आमच्याकडे 'कॉस्टिंगची संकल्पना समजून घेणे' असं लिहितात.

---

गणिती_गोंधळ | गुरुवार, दुपारी ३:१०

'समजून घेणे' कोणी मोजू शकत नाही, आणि कोणाला त्यासाठी घराबाहेर पडावंसंही वाटत नाही. रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ पासून एकच हट्ट धरला: करून दाखवता येईल असं लिहा, कोणत्या परिस्थितीत ते लिहा, आणि कितपत नीट ते लिहा. नोटिशीवर असं: 'चौथ्या वर्गापर्यंत तुमच्या एका पदार्थाचा भाव तुमच्याच आकड्यांवरून कागदावर उतरलेला असेल. गिऱ्हाईक "एवढं महाग का?" म्हणालं तर तीन वाक्यांत उत्तर देता येईल.' दुसरं वाक्य जास्त ओढतं, कारण तो प्रश्न त्यांना रोज ऐकावा लागतो.

मात्र नोटिशीत जे लिहाल ते चौथ्या वर्गाला खरंच हातात पडलं पाहिजे. तिसऱ्या वर्गात 'उद्योजकतेचे गुण' घुसवलेत तर पाचव्याला सतरंजी रिकामी मिळेल.

---

तिरफळ | गुरुवार, रात्री ८:४५

शेवटचे दोन प्रश्न. तिसरा वर्ग बुडलेली बाई चौथ्याला येत नाही, तिचं काय? आणि एक किलो भाजणीची चकली सव्वा किलोच भरते का? माझ्या हिशेबाने जास्त भरायला हवी. मोडक्या चकल्या कुठल्या ओळीत?

---

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:३०

बुडलेलीचं: प्रत्येक वर्गाचा कागद मागचा वर्ग नसतानाही भरता यावा असा छापा, वर मागच्या वर्गाची एक सोडवलेली ओळ देऊन. गटातल्या एकीने त्याच संध्याकाळी कागदाचा फोटो पाठवायचा. शिक्षकाने फोन करायचा नाही, तो शाळेतल्या बाईंचा फोन वाटतो. ती आली की 'का नाही आलात' हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. वजनकाटा त्या आठवड्यात तिच्याकडे द्यायचा.

मोडक्यांचं: जास्तच भरते. वर मी फक्त विकली जाणारी पाच पाकिटं धरली आहेत. शे-दीडशे ग्रॅम तुकडे उरतात, ते घरात खपतात. त्यांची ओळ कागदावर मुद्दाम ठेवलेली नाही. तिसऱ्या वर्गाच्या आसपास कोणीतरी 'आणि मोडक्यांचं काय?' विचारतंच. तेव्हा ती ओळ फळ्यावर त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची, नाव त्यांना हवं ते, आणि पुढच्या वर्गाच्या कागदावर त्याच नावाने छापायची.

---

दुपारची_शिफ्ट | गुरुवार, रात्री ९:५२

आमच्याकडे त्या ओळीचं नाव 'पोरांचा वाटा' होणार.

---

खडूफळा | गुरुवार, रात्री १०:००

मग तेच छापा. आणि ती एकूण खर्चातून वजा करायची नाही, विक्रीच्या खाली वेगळी ठेवायची, नाहीतर भाव उगाच कमी दिसतो.